मदत हवी आहे: बजेटच्या आधी पप्पांची ईपीएस पेन्शन (खासगी नोकरीत पीएफबरोबर मिळते ती) सुरू करू का थांबू?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा प्लीज, घरात आठवडाभर रोज रात्री जेवताना हाच विषय चालू आहे आणि मी पुण्यात बसून फोनवर दोन्ही बाजूंनी शिव्या खातेय.

पप्पा नाशिकला अंबड एमआयडीसीत फिटर होते, सप्टेंबर १९९८ ला लागले, कंपनीने युनिट गुंडाळायचं ठरवलं म्हणून मागच्या ऑगस्टअखेर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. पैसे रखडत रखडत २४ डिसेंबरला आले, ग्रॅच्युइटी साडेचार लाख आणि व्हीआरएसचे सात, पीएफचे सतरा लाख गेल्या आठवड्यात जमा झाले. वय ५४ आहे, ९ मार्चला ५५ पूर्ण होतील.

आता त्यांच्या पेन्शनवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये मिनिमम पेन्शन १००० वरून ७५०० अधिक महागाई भत्ता होणार, पण ज्यांची पेन्शन बजेटआधी सुरू झालीय त्यांनाच मिळणार. म्हणून पप्पांना आत्ताच अर्ली, म्हणजे ५८ च्या आधीच्या, पेन्शनचा फॉर्म भरायचाय. एक एजंट ५ हजार मागतोय, म्हणतो ३१ जानेवारीच्या आत नंबर लावून देतो. आई म्हणते ५८ ला पूर्ण मिळेल तेव्हाच घ्या, कापून कशाला घ्यायची.

दुसरं म्हणजे बँक. पप्पा पासबुक भरायला गेले तर मॅनेजरने केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि "काका, बजेटमध्ये एफडीच्या व्याजावर टॅक्स वाढणारे, आत्ताच पॉलिसीत टाका" म्हणून फॉर्म पुढे केला, सह्या कुठे करायच्या तिथे आधीच पेन्सिलने फुल्या मारलेल्या. नशीब चष्मा घरी विसरले होते, नाहीतर सही करूनच आले असते.

बजेटमध्ये नक्की काय होईल असं वाटतं? आणि आम्ही काय करावं?

जुना पीएफवाला: ताई, आधी एजंटला हाकला. पेन्शनचा अर्ज म्हणजे फॉर्म १०-डी, तो पीएफच्या यूएएन पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो, आणि बजेटआधीचा नंबर वगैरे काही प्रकार नसतो. १००० ची मिनिमम पेन्शन २०१४ च्या जुलैच्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी सांगितली, १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली, आणि ती तेव्हाच्या पेन्शनरांनाही मिळाली आणि नंतर आलेल्यांनाही. अशी वाढ झाली तर कामगार मंत्रालय नोटिफिकेशन काढतं, बजेटमध्ये फार तर पैशाची तरतूद होते.

आता हिशोब. पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पण ऑगस्ट २०१४ पर्यंतची १६ वर्षं ६५०० च्या सीलिंगवर (पेन्शनसाठी जास्तीत जास्त धरतात तो पगार) आणि पुढची ११ वर्षं १५ हजारावर, म्हणजे १४८५ अधिक २३५७, साधारण ३,८४० महिना (वीस वर्षांच्या वर नोकरी असली की दोन वर्षं जास्तीची धरतात, ती यात नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात थोडे जास्तच येतील). हे ५८ ला. त्याआधी घेतली तर वर्षामागे ४ टक्के कापतात आणि ते कायमचे. ५५ ला घेतली तर ३,४०० च्या आसपास. आई बरोबर बोलतायत असं वाटेल, पण तीन वर्षं थांबायचं म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास सोडायचे, नंतर महिन्याला साडेचारशे जास्त मिळणार, ते सव्वा लाख भरून निघायला पप्पांचं वय ८१ होईल. तेव्हा घरी बसणार असतील तर अर्ली घेण्यात वेडेपणा काही नाही, फक्त ७५०० च्या आशेने घेऊ नका.

ओसरीवरून: ७५०० चं म्हणाल तर बुलढाण्याच्या ईपीएस पेन्शनरांच्या संघर्ष समितीची ही मागणी कित्येक वर्षं चालू आहे, तिथे साखळी उपोषण झालं, दिल्लीत मोर्चे झाले. त्याआधी राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्ये मिनिमम ३००० करा अशी शिफारस केली होती, समितीचे अध्यक्ष कोण तर भगतसिंह कोश्यारी. ते पुढे आपले राज्यपाल होऊन, राहून, परत गेले, हजाराचे तीन हजार काही झाले नाहीत. दरवर्षी जानेवारीत हाच मेसेज येतो, फक्त साल बदललेलं असतं. मिळायला हवे ना, मी नाही म्हणत नाही, माझ्या सासऱ्यांना १,३०० येतात, त्यात बीपीच्या गोळ्यासुद्धा होत नाहीत.

जुना पीएफवाला: एक राहिलं. सीलिंग १५ चं २५ हजार होणार अशीही हवा आहे. झालं आणि २०१४ सारखंच केलं तर नवीन आकडा पुढच्या नोकरीलाच लागेल, झालेली २७ वर्षं जुन्याच भावात. पप्पा परत कुठे लागणार आहेत का?

धागाकर्ती: हो ना, सिन्नरला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये बोलावतायत, पीएफ कापणार म्हणालेत.

जुना पीएफवाला: मग सगळं गणितच बदललं! पीएफ कापणाऱ्या नोकरीत असताना अर्ली पेन्शन मिळत नाही, पण दर वर्षाला पेन्शनमध्ये २१४ रुपये वाढतात आणि ५८ ला कपातही नाही, म्हणजे साडेचार हजाराच्या जवळ जातील. फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या नोकरीच्या वर्षांचा दाखला) घ्या आणि नवीन ठिकाणी द्या. मात्र बेसिक किती दाखवणार ते आधी विचारा हं. पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर निघते, मित्राने पीएफ वाचवायला बेसिक ९ हजार दाखवलं तर सरासरी खाली येणार आणि मैत्री महागात पडणार.

हिशेबनीस बाई: सगळे पेन्शनच्या साडेचारशे रुपयांवर अडकलेत आणि साडेअठ्ठावीस लाखांचं कोणी बोलतच नाहीये. पोस्टातली सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम बघा, ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. एरवी वय ६० लागतं, पण व्हीआरएस घेतलेल्याला ५५ पूर्ण झाल्यावर उघडता येते, अट एकच, रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. पहिले साडेअकरा लाख २४ डिसेंबरला आले म्हणजे २४ मार्चला मुदत संपते, आणि पप्पा ५५ चे होणार ९ मार्चला. पंधरा दिवस आहेत तुमच्या हातात! १ फेब्रुवारी सोडा, कॅलेंडरवर ९ मार्चला गोल करा. तोवर पैसे साध्या एफडीत ठेवा, लॉकइनवाल्या कशात नको. कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पैसे कधी किती दिले त्याचं पत्र आत्ताच मागून ठेवा, बंद पडलेल्या युनिटमध्ये एचआर शोधायलाच महिना जातो.

टॅक्सचं म्हणाल तर साडेअठ्ठावीस लाखांवर वर्षाला दोन लाख तेहतीस-चौतीस हजार व्याज, वर पेन्शन धरली तरी तीन लाखाच्या आत. नवीन टॅक्स रिजिममध्ये चार लाखांपर्यंत टॅक्सच नाही आणि २०२५ च्या बजेटपासून रिबेट धरून पगार-व्याजाच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत शून्य. वर्कशॉपचा पगार धरला तरी काही लागत नाही. पगार नसेल तर टॅक्स लागत नाही असा फॉर्म भरून द्या म्हणजे टीडीएसही कापणार नाहीत. मॅनेजरला विचारा, कुठला टॅक्स वाचवताय काकांचा? नवीन रिजिममध्ये त्या पॉलिसीवर ८०-सीची सूट पण मिळत नाही.

धागाकर्ती: बाई, तुमचे पाय कुठे आहेत! ही तीन महिन्यांची अट आम्हाला पोस्टात पण कोणी सांगितली नव्हती, ६० झाल्यावर या म्हणाले होते. भावाला आज कंपनीत पाठवलंय पत्रासाठी. वर्कशॉपवाल्या काकांना बेसिकचं विचारलं तर "बघू, बसून ठरवू" म्हणाले, म्हणजे काय ते समजलं. एजंटला पप्पा स्वतःच नाही म्हणाले, पण बजेटच्या दिवशी ग्रुपवाल्या चौघांना घरी बोलावलंय टीव्ही बघायला, रविवार आहे म्हणून आईला मिसळ करायला सांगितलीय.

शेवटचं एक, खातं आईबरोबर जॉइंट चालेल का? ती ५१ ची आहे.

हिशेबनीस बाई: चालेल, जॉइंट फक्त नवरा-बायकोचंच होतं आणि दुसऱ्याचं वय बघत नाहीत. पहिलं नाव पप्पांचं हवं.