प्रतिसाद: व्हिक्टोरियन चर्च आणि विटा

राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या चर्चना 'पैसे वाचवायला दगडाऐवजी विटा लावल्या' असं या चर्चेत म्हटलं गेलं. ते विधान निदान लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चला लागू होत नाही. वास्तुकार विल्यम बटरफील्डने तिथे निवडलेली वीट दगडापेक्षा महाग पडली होती. लाल विटांमधले काळे पट्टे नंतर रंगवलेले नाहीत, ते बांधकामातच आहेत. पायाभरणी १८५०ची, अर्पणविधी १८५९चा.

चर्चेत न आलेला मुद्दा आतल्या भिंतींचा. जागा इतकी कोंडलेली की पूर्वेला, वेदीमागे, खिडकीच नाही. तिथे चित्रकार विल्यम डाइसने भित्तिचित्रं काढली, पण ती लंडनच्या हवेत टिकली नाहीत. अशा चित्रांत रंग चुन्यात मुरलेला असतो. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने त्या चुन्याचा जिप्सम (गंधकयुक्त क्षार) होतो, थर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. १९०९मध्ये वास्तुकार निनियन कॉम्परने तीच रचना लाकडी फळ्यांवर नव्याने रंगवली. उत्तरेच्या भिंतीवर मात्र १८७३मध्ये भाजलेल्या टाइल्सची चित्रं बसवली. कोंदट, धुरकट शहरासाठी मला हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण भट्टीत पक्का झालेला रंग धुता येतो. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चला जाणाऱ्यांनी वेदीमागची सजावट जरूर निरखावी, तिचा आराखडाही बटरफील्डचाच.