एकच इमेज, वेगवेगळे पीसी: नेटवर्क सेटिंग सारखी कशी ठेवायची?

लॅबवाला_सातारा:
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीन-चार प्रकारचे पीसी आहेत, सगळ्यांवर उबुंटू सर्व्हर २२.०४ टाकायचंय. एकावर सगळा सेटअप करून क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं टूल) इमेज काढली, त्याच मॉडेलच्या पीसींवर झकास चालते, पण बाकीच्यांवर बूट होताना नेटवर्कची वाट बघत अडकते आणि लॉगिन केल्यावर बघतो तर आयपीच नाही. इमेजमधल्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलीत नेटवर्क कार्डाचं नाव इएनपी३एस० आहे, तिकडे तेच इएनओ१ दिसतं. आता दर पीसीवर जाऊन फाइल बदलायची तर इमेज काढून फायदा काय?

तारजोड:
२०१३ पासून सिस्टमडी (लिनक्समध्ये बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) कार्डांची नावं हार्डवेअरवरून ठरवतं. इएनओ१ म्हणजे बायोसने ऑनबोर्ड म्हणून सांगितलेलं कार्ड, इएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. उद्या त्याच पीसीत ग्राफिक्स कार्ड बसवलंत आणि बसचे नंबर सरकले तर तिथेही नाव बदलेल, म्हणून इमेजमध्ये पूर्ण नाव लिहायचंच नाही. नेटप्लॅनच्या (उबुंटूचं नेटवर्क सेटिंग) फाइलीत मॅचखाली नेम म्हणून 'इएन*' (इएनने सुरू होणारं कुठलंही नाव) द्या, डीएचसीपी४ (राउटरकडून आपोआप आयपी) ट्रू आणि ऑप्शनल पण ट्रू, म्हणजे केबल नसली तरी बूट अडकणार नाही. स्टॅटिक (हाताने ठरवून दिलेला) आयपी इमेजमध्ये अजिबात ठेवू नका.

रात्रपाळी:
एवढं कशाला, ग्रबमध्ये (बूट लोडर) नेट.आयएफनेम्स=० टाका, सगळीकडे इटीएच०, विषय संपला.

तारजोड:
@रात्रपाळी एकच कार्ड असेल तर चालेल, पण दोन असली की कुठलं इटीएच० होईल याची खात्री नाही, ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होईल त्यावर आहे ते. वेगवेगळ्या हार्डवेअरला मी हे कधीच सुचवणार नाही.

जुना_अ‍ॅडमिन:
इटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी (त्या पीसीची ओळख ठेवणारी) फाइल रिकामी केलीत का? ती तशीच क्लोन झाली तर मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) वेगळे असूनसुद्धा दोन-दोन पीसींना एकच आयपी मिळतो, कारण सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपीला जी ओळख पाठवतं ती मशीन-आयडीवरून बनते. फाइल डिलीट नको, फक्त रिकामी करा, आणि हे काम अगदी शेवटी करून लगेच शटडाउन, मधे एकदा जरी बूट झालं तरी नवीन आयडी तयार होऊन तोच इमेजमध्ये जाईल. एसएसएचच्या (दूरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट कीजसुद्धा प्रत्येक पीसीवर नव्याने बनवा, नाहीतर सगळ्या लॅबची किल्ली एकच.

लॅबवाला_सातारा:
खूप आभार सर, 'इएन*' टाकल्यावर सगळ्या मॉडेल्सवर नेट आलं. पण प्रॅक्टिकलसाठी प्रत्येक पीसीचा आयपी ठरलेला लागतो, राउटरवर मॅकने रिझर्व्हेशन केलंय तरी भलताच आयपी येतोय.

जुना_अ‍ॅडमिन:
तेच कारण. राउटर मॅक बघण्याआधी ती पाठवलेली ओळख बघत असेल. नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक ही ओळ टाका, राउटरवरच्या जुन्या लीज (आधी दिलेल्या आयपींच्या नोंदी) काढा आणि मग पीसी रीस्टार्ट करा.