राधानगरी: काजवे बघायला गर्दी वाढली, वाटा कुणी ठरवायच्या? धनगरवाड्याला विचारून की कन्सल्टंटला?

भोगावतीकाठ:
मंडळी, आमचं गाव राधानगरी अभयारण्याच्या अगदी कडेला. मे संपत आला की काजव्यांसाठी गाड्यांची नुसती रांग, कोल्हापूर सांगली बेळगाव, पुण्याकडनं पण येत्यात. आता आम्ही पोरं मिळून गाईड, राहणं-जेवण असं नीट सुरू करणार आहे. एकजण म्हणतोय कन्सल्टंट आणू, मी म्हणतोय धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारू, गवे पाण्याला कुठनं उतरतात, कुठल्या झाडावर काजवा कधी बसतो हे त्यांना तोंडपाठ. पण हे नियमात बसवायचं कसं? नुसतं त्यांना घोंगडं देऊन फोटोला बसवायचं असं नको व्हायला.

सडा_आणि_पाऊस:
साताऱ्याच्या कास पठाराचं बघा. फुलं वाचवायची म्हणून कुंपण घातलं, गुरं बंद झाली, आणि मग गवतच इतकं वाढलं की फुलं दबायला लागली. गुरं चारणारे सांगत होतेच की, चराई थांबली की फुलं कमी होणार. शेवटी कुंपण काढलं. हे आधी विचारलं असतं तर एवढा खर्च आणि वेळ कशाला गेला असता? म्हणून प्लॅन व्हायच्या आधी विचारा, झाल्यावर सही घ्यायला जाऊ नका.

रानवाटा_कोल्हापूर:
सगळंच म्हाताऱ्यांचं खरं धरू नका हां. गवत चांगलं यावं म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वणवा लावायची सवय पण आपल्याच लोकांची, त्यात काय काय जळतं ते बघितलंय. जनावरांच्या वाटा, पाणवठे, एकटा फिरणारा गवा कसा ओळखायचा, ह्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पण किती गाड्या सोडायच्या हा हिशेब वनखात्याबरोबर बसूनच करायला लागंल. आणि काजव्याचं म्हणाल तर माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, वर झाडाकडं बघत माणसं त्यांच्यावरच पाय देतात, वर मोबाईलची टॉर्च. गाडीचा लाइट पडला की अख्खं झाड विझतं.

कागदपत्र_बघा:
नियमात बसवायचा रस्ता आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, जनावरं आणि त्यांची माहिती लिहायची वही) करायला लागते. बऱ्याच ठिकाणी ती वही नुसती कपाटात पडून. तिच्यात वाटा, ऋतू, देवराईचे नियम लिहून घ्या. पण मधाच्या जागा आणि औषधी झाडं कुठं आहेत ते पर्यटकांच्या बोर्डावर लावू नका, नाहीतर पुढच्या वर्षी झाड पण नसणार. वनहक्क कायदा २००६ मध्ये पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. फक्त धनगर आदिवासी यादीत नसल्यानं इतर पारंपरिक वननिवासी म्हणून ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यायला लागतो, तिथं घोडं अडतं. म्हाताऱ्यांचे जबाब पण पुरावा धरतात, ते आत्ताच लेखी घेऊन ठेवा.

भोगावतीकाठ:
जबाबाचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. राईत चप्पल काढायची, पडलेलं लाकूड उचलायचं नाही, हे तर आमच्याकडं आधीपासनंच हाय, तेच पाहुण्यांना लागू करतो. गाडी गावाबाहेर, पुढं चालत. आणि रात्रीची वाट आमचा एक मामा ठरवणार, गाईडच्या निम्मे पैसे त्याला.

रानवाटा_कोल्हापूर:
निम्मे का? वाट त्यांनी दाखवायची आणि तुम्ही पुढं चालायचं, मग पूर्ण द्या की राव.