शब्दचर्चा : शहराच्या तटाआतली द्राक्षं – मळा, बाग की आणखी काही?

भाषांतरवाली
पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, त्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. अँफिथिएटरच्या (खेळांच्या गोल प्रेक्षागाराच्या) शेजारी, तटबंदीच्या आत, एक मोठा चौक आहे. जुन्या नकाशांवर त्याचं नाव 'फोरो बोआरियो', म्हणजे बैलबाजार. १९६६पासून विल्हेल्मिना जॅशेम्स्की या अमेरिकन इतिहासकार बाईंनी तिथे खोदलं तेव्हा बैलबाजार निघाला नाही, वेलींच्या मुळांच्या पोकळ्या निघाल्या. दोन हजारांहून अधिक! मी सरळ 'द्राक्षमळा' लिहिलं. संपादकबाई म्हणतात, मळा गावाबाहेर असतो, 'परसबाग' करा. दोन हजार वेलींची परसबाग? काय लिहू?

निफाडचा बागाईतदार
बाग. विषय संपला.
मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची जमीन. मग तिथे कांदा असो, टोमॅटो असो की द्राक्ष. 'ते मळ्यात राहतात' म्हटलं की माणूस गावात नाही, एवढं कळतं. त्यामुळे तुमच्या बाईंचं निम्मं बरोबर आहे. पण द्राक्षाच्या प्लॉटला आम्ही बागच म्हणतो. बाग फुटली, बाग धरली, बागेवर डावणी (बुरशीचा रोग) आली. 'द्राक्षमळा' मी फक्त मिसळवाल्यांच्या पाट्यांवर वाचलाय.

संस्कृतप्रेमी
'बाग' फारसी आहे. आपल्याकडे 'द्राक्षवाटिका' असा सुरेख शब्द असताना उसनवारी कशाला?

वऱ्हाडी झटका
द्राक्षवाटिका! हॉल, लॉन, पार्किंगची उत्तम सोय. ☺
आमच्याकडे संत्र्याचा बगीचा असतो. तोही फारसीच. संत्री काही आंबट झाली नाहीत त्यानं.

फोंडेकर
आणि वाटिकेची वाडी होऊन शतकं लोटली. वाटिका हवी असेल तर 'वाडी' लिहा, ती चालती-बोलती आहे. गोव्यात घराला लागून असतं ते कुळागर : माड, पोफळी, केळी, मिरवेल, आणि मधून पाण्याचा पाट. घर आणि लागवड एकाच शब्दात येतात. भाषांतरवालींना तसलंच काही हवंय असं वाटतं.

भाषांतरवाली
कुळागर फार आवडला, पण तो वाचून डोळ्यांसमोर पोफळी येतात, द्राक्षं नाही.

वसईकर
'द्राक्षमळा' पाट्यांवरून आलेला नाही हो, बागाईतदार. मराठी पवित्र शास्त्रात तो आहे. नाबोथाची गोष्ट पाहा. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागूनच होता, आणि राजाला तिथे भाजीपाला करायचा होता म्हणून तर सगळं रामायण घडलं. म्हणजे मळा गावाबाहेरच हवा ही अट लिहिण्याच्या मराठीत केव्हाच मोडलीय.

संस्कृतप्रेमी
ते मिशनऱ्यांचं मराठी.

वसईकर
आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यानं वाचलं जातंय. आणखी किती पिढ्या वाचलं म्हणजे ते मराठी होईल, तेवढं सांगा.

माळकरी
मळा हा 'माळा'वरून आलाय. माळावर पाणी आलं की मळा. सोपं आहे.

वऱ्हाडी झटका
पुरावा?

माळकरी
आजोबा म्हणायचे.

खापरवेडा
तुम्ही सगळे जागेला नाव देताय, तिथे काय चालायचं ते बघत नाही. तिथे द्राक्षं गाळायची खोली होती, जमिनीत पुरलेले दहा डोलिया, म्हणजे मातीची मोठी भांडी, होते, आणि उघड्यावर बांधलेले दोन जेवणाचे ओटे होते, तीन बाजूंनी आडवं पडून खायचे. आजूबाजूला जेवणातली हाडं सापडली. शेजारी अँफिथिएटर, म्हणजे खेळाच्या दिवशी गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. ही परसबागही नाही आणि शेतही नाही. माल तिथेच पिकवायचा, तिथेच गाळायचा, तिथेच विकायचा. याला मराठीत 'गुत्ता' म्हणतात.

निफाडचा बागाईतदार
म्हणजे मळ्यातली मिसळच की. फक्त तर्रीच्या जागी वाईन. मग ठेवा बाई तुमचा द्राक्षमळा, माझी हरकत नाही.
मला लागवडीचं सांगा. अंतर किती? मांडव होता का?

खापरवेडा
चार रोमन फूट, म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर. कोलुमेल्ला आणि थोरला प्लिनी या रोमन लेखकांनी लिहिलेल्या सल्ल्याशी ते जुळतं. प्रत्येक मुळाच्या पोकळीशेजारी आधाराच्या खुंटाची वेगळी पोकळी मिळाली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन वाटा होत्या, त्यांच्या कडेनं जाड खांबांच्या खुणा. तेव्हा मांडव होता तो वाटांवर.
मुळं कुजून गेली आणि ज्वालामुखीचे हलके खडे त्या जागेत घरंगळले. ते उपसायचे, आत तार घालायची, सिमेंट ओतायचं, सुकलं की भोवतीची माती काढायची. मुळाचा आकार हातात. इटालियन पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीनं १८६३मध्ये गाडल्या गेलेल्या माणसांच्या देहांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, त्याच युक्तीचं हे पुढचं पाऊल.

निफाडचा बागाईतदार
सव्वा मीटर दाट झालं. आम्ही दोन ओळींत नऊ-दहा फूट सोडतो, ट्रॅक्टर जायला हवा. आणि वाटेवर असतो त्याला मांडव म्हणू नका. मांडव म्हणजे अख्ख्या बागेवर तारांचं छत. हल्ली तोही कमी झाला, सगळे वाय पद्धतीवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर) गेले.

वसईकर
लग्नाचा मांडव दारापुरताच असतो. तो खोटा का?

भाषांतरवाली
वाद घाला, पण मधे एक विचारून घेते. प्रत्येक वेलीभोवती पाणी धरायला खोलगट जागा केलेली होती. मी 'वर्तुळाकार जलसंधारक खळगा' लिहिलंय…

निफाडचा बागाईतदार
आळं!!

फोंडेकर
आळं.

वऱ्हाडी झटका
आळं. संस्कृतप्रेमी, तुम्ही 'आलवाल' लिहायच्या आत सांगतो, तेही मान्य, पण कंसात.

संस्कृतप्रेमी
लिहिणारच होतो. कण्वाश्रमात शकुंतला त्याच आलवालांत पाणी घालत होती. आळं त्याचंच नातवंड. 'बाग' तेवढी अजून खटकते, नोंद असावी.

भाषांतरवाली
आळं घेतलं. आता डोलिया. लेखात म्हटलंय, खांद्यापर्यंत जमिनीत गाडलेली मोठी मातीची भांडी. 'रांजण' केलंय. चालेल?

माळकरी
जमिनीत पुरलं की ते पेव. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जाणकारांना माहीत असेल.

खापरवेडा
पेव म्हणजे मातीत खोदलेली पोकळी, भांडं नव्हे. डोलियम भट्टीत भाजलेला. त्यात रस आंबायचा. पेवात रस ओताल तर जमीन पिईल.

निफाडचा बागाईतदार
आमच्या जुन्या घरात अर्धा पुरलेला रांजण होता पाण्याचा. पुरला म्हणून कुणी त्याचं नाव बदललं नाही. चला, खरड छाटणीचे मजूर आलेत, रात्री बघतो.

माळकरी
अर्धा पुरलेला वेगळा. खांद्यापर्यंत पुरलेला वेगळा.

भाषांतरवाली
संपादकबाईंचा फोन आला होता. 'मळा की बाग' राहिलंच, पण त्यांना आता 'गुत्ता' आवडलाय.

संस्कृतप्रेमी
गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. दारूचा मक्ता घेतलेलं दुकान, म्हणून गुत्ता. पॉम्पेईत मक्ता कोण देत होतं?