लाळग्रंथी‘ची’ गाठ की लाळग्रंथी‘तली’ गाठ?

कोथरूडकर: मामींच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात ‘पॅरोटिडमधील (कानाजवळच्या लाळग्रंथीतील) फेशियल नर्व्ह श्वानोमाची शक्यता’ असं आहे. टिळक रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी मराठीत सांगायचंय. ‘लाळग्रंथीच्या नसेचा ट्यूमर’ चालेल का? श्वानोमा ऐकून आजी विचारतेय, कुत्रं कधी चावलं हिला?

शब्दवेडी: आजींना सांगा, कुत्र्याचा काही संबंध नाही! थिओडोर श्वान (१८१०–१८८२) हे जर्मन शास्त्रज्ञ. नसेच्या तंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी त्यांच्या नावाने ओळखतात. त्या पेशींची गाठ ती श्वानोमा. ट्यूमरला कोशात ‘अर्बुद’ आहे, पण घरात ‘गाठ’च म्हणा. ट्यूमर म्हटलं की लोकांना कॅन्सरच ऐकू येतो, आणि श्वानोमा बहुधा साधी असते.

कानघसा: ईएनटीत शिकतोय म्हणून लिहितो. ‘लाळग्रंथीची नस’ नको. ही मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी, चेहऱ्याची. कानामागच्या हाडातून बाहेर पडते आणि पॅरोटिडमध्ये शिरून तिच्या पाच मुख्य फांद्या होतात. ग्रंथी तिच्या वाटेत येते, इतकंच.

खरी गंमत ‘ची’ आणि ‘तली’मध्ये आहे. पॅरोटिडमध्ये सर्वांत जास्त दिसणारी प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा ही ग्रंथी*ची* गाठ. तिथे सर्जन नस शोधून, सोडवून, जपतात आणि गाठ भोवतीच्या ग्रंथीसकट काढतात. श्वानोमा ग्रंथी*तली*, पण नसेची. ती काढताना नसच जाऊ शकते. त्यात सुईच्या तपासणीत निदान अनेकदा हुकतं आणि कित्येकदा ऑपरेशनच्या टेबलावरच कळतं. एमआरआयमध्ये कडा उजळ नि मध्य काळपट दिसला, किंवा गाठीचं टोक कानामागच्या हाडाकडे गेलं, तर आधी संशय येतो.

म्हणून चेहरा नीट हलत असेल तर पुष्कळदा लगेच कापत नाहीत. अधूनमधून एमआरआय करून लक्ष ठेवतात. काही गाठी तंतू वाचवून सोलून काढता येतात. नस कापावीच लागली तर मानेवरून कानाकडे जाणारी किंवा पोटरीतली संवेदनेची नस घेऊन जोडतात. हालचाल सावकाश परतते, पण पूर्वीइतकी नाही.

पर्वतीपायथा: ‘नस’ला आक्षेप. सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’, मान अवघडली तरी ‘नस आखडली’. शाळेच्या पुस्तकातलं ‘चेता’ वापरा की.

शब्दवेडी: आणि मामींना चेता कळणार? ‘चेहरा हलवणारी नस’ म्हणा, शिरेशी घोटाळा होणार नाही.

कोथरूडकर: तोंड वाकडं झालं तर ‘लकवा’ म्हणायचं का? आणि केसपेपरवर ‘ग्रेड १’ आहे, त्याने मामा घाबरलेत.

कानघसा: तो ग्रेड कॅन्सरचा नसणार. कॅन्सर ठरायला गाठीचा तुकडा तपासावा लागतो. चेहऱ्याच्या हालचालीची हाउस-ब्रॅकमन मोजणी असते, १ ते ६. १ म्हणजे चेहरा अगदी नॉर्मल. डॉक्टरांना विचारून खात्री करा. ‘लकवा’ टाळा, लोकांना मेंदूतला झटका वाटतो. झटक्यात कपाळाला बहुधा आठ्या पडतात. ही नस गेली तर कपाळही हलत नाही नि डोळा मिटत नाही. पॅरोटिडमध्ये गाठ असताना तोंड वाकडं होऊ लागलं, तर मात्र कॅन्सरची शंका घ्यावीच लागते. तेव्हा थांबू नका.

कोथरूडकर: मग असं लिहितो: ‘चेहरा हलवणाऱ्या नसेची, लाळग्रंथीत वाढलेली गाठ.’

पर्वतीपायथा: रिपोर्टात ‘शक्यता’ आहे ना? तो शब्द गाळू नका.