पुढच्या मंगळवारी कपात: टेक्सन्सनी ओ-लाइनसाठी कोणाकडे बघावं?

केटीकर (ह्यूस्टन), १९ ऑगस्ट २०२५

मंडळी, सल्ला हवाय. पुढच्या मंगळवारी, २६ तारखेला, ह्यूस्टनच्या घड्याळात दुपारी ३ वाजेपर्यंत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, सगळ्या ३२ टीम्सना ९० खेळाडूंवरून ५३ वर यायचंय. एका दुपारात हजाराच्या आसपास खेळाडू मोकळे होतील. त्यांतले आपल्या टेक्सन्सच्या कामाचे लाइनमन (ओ-लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतले) कोण, हे आत्ताच शोधून ठेवायचंय.

गरज काय ते इथल्या कोणाला सांगायला नको. गेल्या मोसमात आपला क्वार्टरबॅक स्ट्राउडला ५२ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडलं. वर जानेवारीत कॅन्सस सिटीतल्या प्लेऑफमध्ये एकाच सामन्यात ८ वेळा. तो सामना मी पुन्हा पाहिला. पोरगा पाय रोवायच्या आतच समोर कोणीतरी उभा असतो. त्यानंतर लाइनमधला टन्सिल वॉशिंग्टनला दिला, शॅक मेसनला सोडलं, केन्यन ग्रीन फिलीला (ईगल्सकडे) गेला. कॅम रॉबिन्सन, टॉमलिन्सन, एड इन्ग्रॅम आले, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दुसऱ्या फेरीत अर्सरी घेतला. ट्रेंट ब्राउनच्या गुडघ्याची पटेलर टेंडन गेल्या वर्षी फाटलीय, तो कधी उभा राहील त्यावर विसंबता येत नाही.

माझ्या मते दोन जागा उघड्या आहेत. एक, दोन्ही बाजूंना खेळू शकणारा तिसरा टॅकल (फळीच्या टोकाचा). दोन, सेंटर (मधला, बॉल मागे देणारा). पॅटरसन, स्क्रग्ज आणि पेट्रियट्सनी सोडलेला जेक अँड्र्यूज अशी तिघांत ओढाताण चाललीय, आणि पहिला सामना ७ सप्टेंबरला रॅम्सकडे आहे.

कोणत्या टीमच्या नवव्या-दहाव्या लाइनमनवर नजर ठेवू? नावं द्या, कारणंही द्या.

---

अनघा_फिली

केटीकर, नावांआधी रांगेचं बघा. ज्यांचे ४ मोसम पूर्ण झालेत ते कट झाले की थेट मोकळे, कोणाशीही बोलू शकतात. बाकीचे वेव्हरवर, म्हणजे इतर टीम्सनी मागणी करायच्या यादीवर, जातात. तिथे गेल्या मोसमाच्या उलट्या क्रमाने हक्क मिळतो आणि बुधवारी सकाळी ११ पर्यंत (तुमची वेळ) मागणी नोंदवायची असते. टेक्सन्स २५वे. म्हणजे एखादा चांगला तरुण गार्ड (सेंटरच्या शेजारचा) वेव्हरवर आलाच, तर २४ टीम्सनी त्याला नाकारल्यावर तो तुमच्यापर्यंत पोचणार. लाइनमनच्या बाबतीत असं होत नाही. सगळ्यांनाच लाइनमन हवे असतात.

शिवाय वेव्हरवरून घेतलेल्याला ५३ मध्येच जागा द्यावी लागते, त्याच्यासाठी आपला एक माणूस काढावा लागतो. बरेच जण हे विसरतात.

म्हणून तुमच्यासाठी दोनच रस्ते खरे: मंगळवारच्या आधी ट्रेड, नाहीतर ४ मोसम झालेले जुने खेळाडू. तिथे २५वा नंबर आड येत नाही.

---

विनय_पिट्सबर्ग

अनघाताईंना पूर्ण अनुमोदन, आणि ट्रेडच्या बाजूने दोन उदाहरणं देतो. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आधी.

२०२३ मध्ये आमच्या स्टीलर्सनी आयझॅक सुमालो आणि नेट हर्बिग घेतले. केव्हिन डॉटसन तोवर आमचा सुरुवातीचा गार्ड होता, एकाएकी तो जास्तीचा झाला. कपातीच्या दोन दिवस आधी, २७ ऑगस्टला, रॅम्सनी त्याला उचलला. आम्ही त्याच्याबरोबर ड्राफ्टच्या पाचव्या आणि सहाव्या फेरीचे पिक (निवडीचे हक्क) दिले, बदल्यात चौथ्या आणि पाचव्या फेरीचे मिळाले. म्हणजे रॅम्सनी दोन पिक जेमतेम एकेक फेरीने खाली सरकवून उजवा गार्ड मिळवला. पुढच्या मार्चमध्ये त्याच माणसाला त्यांनी ३ वर्षांचे ४८ मिलियन डॉलर दिले. इतकं वाईट मला कुठल्याच ट्रेडचं वाटलं नाही.

दुसरं २०१९ चं. बफेलोने त्या उन्हाळ्यात मिच मोर्स, फेलिसियानो, स्पेन अशी माणसं गोळा केली आणि वर कोडी फोर्डला दुसऱ्या फेरीत घेतलं. वायट टेलर मागे पडला. २९ ऑगस्टला त्यांनी तो आणि एक सातव्या फेरीचा पिक क्लीव्हलंडला देऊन पाचव्या आणि सहाव्या फेरीचे पिक घेतले. टेलर पुढे तीनदा प्रो बोलसाठी (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा मान) निवडला गेला.

दोन्हीकडे एकच गोष्ट बघा. खेळाडू वाईट नव्हता. टीमने त्याच उन्हाळ्यात त्याच्या जागेवर पैसा किंवा वरचा पिक ओतला होता. तेव्हा केटीकर, कट होणाऱ्यांच्या अंदाजी याद्या वाचण्यात वेळ घालवू नका. यंदा मार्च-एप्रिलमध्ये कोणी गार्ड-सेंटरवर खर्च केला ते काढा, आणि त्या खर्चामुळे कोणाची खुर्ची गेली ते बघा.

---

केटीकर

विनयदादा, मला हेच हवं होतं. तुमच्या हिशेबाने लगेच तीन टीम्स दिसतात.

शिकागो: थुनी, जोना जॅक्सन, डॉलमन तिघे नवे. मिनेसोटा: रायन केली, विल फ्राइज, आणि २४ व्या पिकवर डोनोव्हन जॅक्सन. रॅम्स: कोलमन शेल्टन सेंटरला परत आला, म्हणजे गेल्या वर्षी बहुतेक सामने सुरुवातीपासून खेळलेला बो लिमर बाकावर.

मिनेसोटाचा ब्लेक ब्रँडेल कसा वाटतो? गेल्या वर्षी त्यांचा लेफ्ट गार्ड होता, टॅकललाही खेळलाय. इन्ग्रॅमही आपण तिथूनच आणला, फोन नंबर पाठ असणार.

---

उत्तरेकडचा_वारा (मिनिॲपोलिस)

ब्रँडेल नाही मिळणार. आमचा लेफ्ट टॅकल डॅरिसॉ, त्याच्या गुडघ्याचा एसीएल (लिगामेंट) गेल्या ऑक्टोबरमध्ये गेला, तो अजून पूर्ण परतलेला नाही. तोवर टॅकलला उभा राहू शकणारा एकही माणूस आम्ही सोडणार नाही. गार्ड म्हणून तो जास्तीचा, टॅकल म्हणून नाही.

एकूणच टॅकलचा नाद सोडा. चार्जर्सनी जुलैमध्ये त्यांचा टॅकल स्लेटरशी नवा करार केला आणि ७ ऑगस्टला सरावात त्याची पटेलर टेंडन फाटली. असे पैसे आणि पिक घेऊन बसलेले लोक बाजारात आहेत. बरा टॅकल कपातीपर्यंत उरतच नाही.

---

सायली_शिकागो

आमच्याकडचं नाव देते: रायन बेट्स. गार्ड आणि सेंटर दोन्ही खेळतो, बफेलोत बराच खेळलाय. गेल्या वर्षी दुखापतींमुळे फारसा दिसला नाही. डॉलमन आल्यावर त्याची जागा पक्की राहिलेली नाही. २०१९ पासून लीगमध्ये आहे, म्हणजे कट झाला तर वेव्हरचा प्रश्नच नाही, थेट करार. त्याच्यासाठी पिक घालवू नका, मंगळवारी दुपारी फोन तयार ठेवा. तब्येतीची तपासणी मात्र कडक करा.

किरन अमेगाजीबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगते, तो मागू नका. तिसऱ्या फेरीचा तरुण टॅकल दुसऱ्या वर्षी कोणी सोडत नाही.

---

पुणे_साडेदहा

पुण्यातून रात्री साडेदहाला सामने लावणाऱ्याचं मत. कपातीची वेळ इथे रात्री दीडची, तेव्हाही जागा असेन.

प्रश्न: पिक कशाला घालवायचे? जुने खेळाडू सप्टेंबरमध्येही मिळतात. पहिल्या सामन्याला रोस्टरवर असलेल्या अनुभवी खेळाडूचा पूर्ण मोसमाचा पगार अडकतो, म्हणून बऱ्याच टीम्स मुद्दाम पहिला आठवडा जाऊ देतात आणि मग सही करतात. तोवर प्रॅक्टिस स्क्वॉड (५३ च्या बाहेरचे, सरावापुरते खेळाडू) आहेच. १६ जागा, त्यांतल्या ६ वर कितीही अनुभवी माणूस चालतो, आणि आठवड्याला दोघांना सामन्यासाठी वर घेता येतं. जेसन पीटर्स ४ मोसमांपूर्वी ऑगस्टमध्येच शिकागोला मिळाला होता आणि लेफ्ट टॅकलला उभा राहिला.

---

विनय_पिट्सबर्ग

राव, टॅकलसाठी हे पटतं. सेंटरसाठी अजिबात नाही. सेंटरला समोरची फळी वाचून हाका द्याव्या लागतात, कोण कोणाला घेणार ते तो ठरवतो, स्ट्राउडच्या आवाजाची आणि लयीची सवय व्हावी लागते. दुसऱ्या आठवड्यात आणलेला सेंटर ऑक्टोबर उजाडेपर्यंत अंदाजानेच खेळतो. सेंटर हवा असेल तर याच आठवड्यात आणा.

आणि एक नियम ध्यानात घ्या. सामन्याच्या दिवशी ८ लाइनमन सक्रिय ठेवले तर ४८ जण खेळवता येतात, नाहीतर ४७. म्हणजे आठवा माणूस जवळपास फुकट मिळतो. तो सेंटर आणि गार्ड दोन्ही खेळणारा असेल तर कोच रायन्सना शेवटच्या क्षणी हातपाय हलवायला जागा राहते.

---

अनघा_फिली

पुण्याच्या प्रश्नाला जोडून: प्रॅक्टिस स्क्वॉडला कमी लेखू नका, पण त्याला वर्ष द्यावं लागतं. आमच्या ईगल्सनी ऑगस्ट २०१४ मध्ये व्हियानुएव्हाला कट केला. अफगाणिस्तानात लढून आलेला सैन्यातला माणूस, सहा फूट नऊ इंच, आमच्याकडे डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावातला. स्टीलर्सनी त्याला आमच्याविरुद्धच्या प्रीसीझन (मोसमाआधीच्या) सामन्यात पाहिलं, प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेतलं आणि टॅकल बनवलं. २०१५ मध्ये त्यांचा टॅकल बीचमला दुखापत झाली तेव्हा तो तयार होता, नंतर दोनदा प्रो बोल. शिकवणारा माइक मनचॅक, तुमच्याच जुन्या ऑइलर्सचा हॉल ऑफ फेम गार्ड. ह्यूस्टनच्या लोकांनी हे विसरू नये.

यातून मला एवढंच घ्यावंसं वाटतं की ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्यांच्या खेळाडूंची तुम्हाला सगळ्यात चांगली माहिती असते. मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि पँथर्स झाले, शनिवारी डेट्रॉइट लायन्स. लायन्सकडून मात्र काही मिळणार नाही. त्यांचा सेंटर रॅगनाउने जूनमध्ये निवृत्ती घेतली, सेंटरला ते स्वतःच माणसं हलवताहेत.

---

केटीकर

मग लिमर. कोणी त्याला नीट पाहिलंय का? आणि दुसरा प्रश्न, बाकावरच्या लाइनमनचा प्रीसीझनमधला खेळ बघायचा कसा? दुसऱ्या अर्ध्यात समोरही उद्या कट होणारेच असतात. त्यांना ढकललं म्हणजे काय सिद्ध झालं?

---

उत्तरेकडचा_वारा

कोणाला आडवं पाडलं ते बघूच नका, त्यावरून काहीच कळत नाही. मी असा बघतो: बॉलवरून नजर काढतो आणि एकच माणूस धरतो. तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) ७-८ यार्ड हवे असताना समोरचे हमखास स्टंट करतात. त्यांचा आतला बचावातला टॅकल बाहेर घुसतो, टोकाचा एंड त्याच्या मागून आत वळतो. गार्ड आपल्या माणसाच्या मागे बाहेर वाहवत गेला की मधे दार उघडं. चांगला गार्ड एका हाताने आपला माणूस शेजाऱ्याच्या अंगावर सोपवतो आणि डोळे आधीच आत वळवतो, दुसरा यायच्या आत. हे समोरच्याच्या ताकदीवर अवलंबून नसतं, म्हणून चौथ्या क्वार्टरमध्येही खरं दिसतं.

दुसरी गोष्ट पायांची. अंगावर थेट चाल करून आलेल्याने त्याला दोन पावलं मागे नेलं तर चालेल, तिसऱ्या पावलाला तो रुतला पाहिजे. रुतला नाही तर क्वार्टरबॅकच्या मांडीवर येऊन बसतो.

सेंटर असेल तर स्नॅपआधी (बॉल मागे देण्याआधी) कोणाकडे बोट दाखवतो ते बघा, आणि खरंच तिकडून चाल आली का ते.

गेल्या काही वर्षांत पॅड घालून होणारे सराव कमी झालेत, प्रीसीझनचे सामनेही ४ चे ३ झाले. लाइनमन दिसायला मुळात संधीच थोड्या मिळतात, म्हणून प्रत्येक स्नॅप दोनदा बघतो.

---

सायली_शिकागो

लिमर मी गेल्या वर्षी बऱ्यापैकी पाहिला. सहाव्या फेरीचा, अर्कान्सासचा. डोकं चांगलं, ताकद कमी. मोठ्या नोज टॅकलसमोर (बचावातल्या मधल्या माणसासमोर) मागे जातो. पण तुमच्यासाठी एक मोठी जमेची बाजू आहे. निक केली रॅम्सकडूनच तुमचा ऑफेन्स चालवायला आलाय. लिमरला त्या भाषेतले हाकारे पाठ असणार, महिनाभर शिकवावं लागणार नाही.

अडचण एकच: ७ सप्टेंबरला तुम्ही त्यांच्याच मैदानावर आहात. सामन्याआधी रॅम्स आपल्या ओळखीचा सेंटर समोरच्याला देतील असं मला वाटत नाही.

---

पुणे_साडेदहा

ईगल्सनी केन्यन ग्रीनला सोडलं तर? २०२२ चा १५ वा पिक होता. त्यांचा लाइन कोच स्टाउटलंडच्या हाताखाली काही महिने गेलेत.

---

अनघा_फिली

नको. स्टाउटलंड जादूगार वाटतो खरा, पण जो माणूस त्यालाही ठेवावासा वाटला नाही तो परत आणून काय करणार? ग्रीनची ताकद कधीच प्रश्न नव्हती. स्टंट आला की तो हरवायचा, म्हणजे वर सांगितलेली नेमकी तीच गोष्ट. आणि खांद्यामुळे २०२३ पूर्ण गेलं.

---

केटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा क्रम आता असा: या आठवड्यात लिमरसाठी सहाव्या फेरीचा पिक, रॅम्स नाही म्हणाले तर १० सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा विचारायचं. मंगळवारी दुपारी बेट्स. टॅकल बाहेरून नाही, अर्सरीला डाव्या बाजूला आत्तापासून स्नॅप द्यायचे आणि रॉबिन्सनला तिसरा धरायचा. वेव्हरवरचा फक्त असा तरुण, ज्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर वर्षभर घडवता येईल, तेही कोणीच मागणी न केल्यावर.

शनिवारी डेट्रॉइटच्या सामन्यात मी अँड्र्यूजला धरून बसणार आहे, तिसऱ्या डाउनला फक्त त्याची बोटं आणि डोळे. पुण्याहून कोणी पॅटरसनला धराल का? रविवारी इथेच टिपणं टाकू.

---

पुणे_साडेदहा

पॅटरसन माझ्याकडे. स्क्रग्ज कोणीतरी घ्या.