दहावी संपलेली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि वेळासची कासवे

प्रश्न

मार्चअखेरच्या शनिवार-रविवारला जोडून रजा घेऊन आम्ही पुण्याहून मंडणगड तालुक्यातील वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला जाण्याच्या विचारात आहोत. नऊ वर्षांच्या मुलाला दुसरे काही सुचत नाही. मुलीची मात्र दहावीची परीक्षा तेव्हा नुकतीच संपलेली असेल. तिला मैत्रिणींबरोबर राहायचे आहे आणि कासवे मोबाइलवरही दिसतात, असे तिचे म्हणणे आहे. तिला आजीकडे ठेवावे, की आग्रहाने न्यावे?

प्रतिसाद १

अवश्य न्यावे, परंतु कासवांचे आमिष दाखवून नेऊ नये, कारण पिल्ले दिसतीलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. अंडी उबायला साधारण पन्नास दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेनुसार हा काळ मागेपुढे होतो आणि पिल्ले वर आली तरच ती सकाळी किंवा संध्याकाळी सोडली जातात. म्हणून दोन मुक्काम ठेवावेत. धाकट्याला वाट पाहणे जड जाईल, पण मुलीला त्यामागचे शास्त्र कळले तर तिचा कंटाळा कमी होण्याची शक्यता आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते आणि उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात. तेव्हा हवामान तापत गेल्यास पुढे काय होईल, हा प्रश्न तिचा तिलाच पडेल. कोल्हे-कुत्री अंडी उकरून खातात, म्हणून गावातले कासवमित्र ती काढून कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरतात. त्यांच्याशी तिला स्वतः बोलू द्यावे. आईवडिलांनी मध्ये पडू नये.

प्रतिसाद २

शास्त्राचे ठीक आहे, पण परीक्षेतून सुटलेल्या मुलीला पुन्हा विज्ञानाच्या तासाला बसवू नका! माझ्या मते अशा सहली वेगळ्याच कारणाने बिघडतात: ‘ताई आहे ना’ म्हणत धाकट्याला मोठीच्या गळ्यात बांधले जाते. त्याला सांभाळणे हे तुमचे काम आहे, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट करावे. वेळासला राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरी असते, त्यामुळे हॉटेलसारखी वेगळी खोली मिळेलच असे नाही, हेही तिला आधीच सांगावे. पहाटे किनाऱ्यावर चालत जाण्याची सक्ती एकाच दिवशी करावी. शक्य असल्यास तिच्या एखाद्या मैत्रिणीला बरोबर घ्यावे.

प्रतिसाद ३

सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामधला मोठा दिवस रिकामा असतो, त्याचाही विचार करावा. बाणकोटचा किल्ला जवळ आहे, आणि वेसवीहून बागमांडल्याला गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडली की हरिहरेश्वर गाठता येते. हा बेत मुलीलाच आखू द्यावा आणि तिने आखलेला बेत मग बदलू नये. मोबाइल काढून घेण्याची आवश्यकता नाही. पिल्लांजवळ फ्लॅश वापरायचा नाही आणि त्यांना हात लावायचा नाही, हे दोन नियम दोन्ही मुलांनी पाळले म्हणजे पुरे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मैत्रीण येणार असेल तर येईन, असे ती म्हणते. मैत्रिणीच्या आईने मात्र तिच्या धाकट्या भावालाही न्याल का, अशी विचारणा केली आहे, त्यामुळे आता गाडी मोठी पाहावी लागेल.